काजळ लावलेलं कोहळं

पारबतामावशीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका कोहळ्याला काजळ लावत होती. आमच्या वऱ्हाडात तांबड्या भोपळ्याला कोहळं म्हणतात. घागरीएवढं ते कोहळं तिने मांडीवर घेतलं होतं. डाव्या हाताने त्याला सावरत उजव्या हाताच्या करंगळीने ती त्याचे डोळे भरत होती. डोळे म्हणजे सालीवर कोरलेले, पांढरट उठून आलेल्या रेघांचे. खाली नाक, जिवणी, दोन बाजूंना कान, आणि खालच्या घेराला चक्क काळा करदोटा बांधलेला. काजळ झाल्यावर तिने बोटाला उरलेलं त्याच्या गालाला टेकवून तीट लावली आणि मग कुठे मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"खोलीसाठी आल्या काय?" ती म्हणाली. "बसा जराशा. याचं आटपू द्या."

मी ट्रंक आणि वळकटी घेऊन अंगणात उभी होते. सकाळपासून हे चौथं घर. मी तेव्हा तेवीस वर्षांची, शिक्षिका म्हणून पहिलीच नेमणूक झालेली, कामरगावच्या बौद्ध घरातली. नेमणुकीचं गाव आसेगावाहून पायी तासाभरावर. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे अकोल्यातच मोडायचो. मोठा दुष्काळ संपून दोन पावसाळे झाले होते. आधीच्या तिन्ही घरांत खोली रिकामी होती, पण आडनाव सांगितलं की ती एकाएकी भरून जायची. शेवटच्या घरातल्या बाईने मात्र माझी दया येऊन सांगितलं होतं, "त्या पारबतेकडं जा. तिच्याकडं तसंही कोनी राहत नाही."

मला वाटलं, बाई कजाग असणार. म्हणून तिने विचारायच्या आधीच मी आडनाव सांगून टाकलं, उगाच वळकटी उतरवायला नको.

"आडनावाचं मी काय करू?" ती म्हणाली. "निजल्यावर घोरता काय, थे सांगा."

घोरत नाही म्हटल्यावर तिने स्वतः उठून माझी ट्रंक आत नेली. कोहळंही उचललं आणि कोपऱ्यात, कापडाच्या चुंबळीवर, जपून ठेवलं. मी त्याच्याकडे पाहतेय हे तिला दिसत होतं. "थे आपलं आपल्यापाशी," ती म्हणाली. हे तिचं नेहमीचं वाक्य. जिथे तिला बोलायचं नसे तिथे ती हे वाक्य दाराला कडी घालावी तसं घालायची.

मावशी जातीची माळीण. उंच, काटक, चाळिशीच्या आतली पण केस अर्धे पांढरे. गावाला लागून तिचा अर्ध्या एकराचा मळा होता, त्यात एक विहीर. वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं सगळं पिकवून ती आसेगावच्या बाजाराला न्यायची. नवरा संपत पुसदकडे दुसरं घर करून राहिला होता. त्याच्याबद्दल ती वाईट बोलत नसे. चांगलंही बोलत नसे. वांग्याच्या झाडांशी मात्र भरपूर बोलायची. एकदा कीड लागलेल्या झाडापुढे कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "तुले काय कमी केलं होतं म्या? पानी देल्लं, शेन देल्लं. आता मरतोच म्हनत असशील तं मर." मी हसले तर मलाही झापलं. संध्याकाळी माझ्या पानात पहिली भाकरी तिच्याच हातची पडायची, आणि मी केलेलं कालवण ती चाटूनपुसून खायची. त्या गावात तेव्हा याला फार मोठी गोष्ट म्हणायला हवं.

गल्लीतल्या बायका मात्र तिला टाळायच्या. वांगी घ्यायच्या, पण लेकरू कडेवर असलं की ते दुसऱ्या बाजूला घ्यायच्या. हे ध्यानात यायला मला महिना लागला. कारण कळायला आणखी दीड महिना गेला, आणि तेही एका शेजारणीमुळे. एके दुपारी ही म्हातारी एक कोहळं पोटाशी धरून घरोघर विचारत फिरत होती, कोणी गडी माणूस घरात आहे का. कारण कोहळं म्हणजे घरचा थोरला मुलगा, असं तिकडे मानतात. अख्ख्या कोहळ्याला बाईने पहिला विळा लावायचा नाही. पुरुषाने एक घाव घालून दिला, की पुढच्या फोडी बाईने खुशाल कराव्यात. म्हातारी सगळीकडे गेली, आमचं दार तेवढं टाळून पुढे गेली. मला हसू आलं. एवढं कोहळं, आणि ते कापायला अख्ख्या गल्लीत वरात. मी मावशीकडे पाहिलं तर ती मेथी निवडत होती, आणि निवडलेली काडी पुन्हा न निवडलेल्यात टाकत होती.

आखाडाच्या तोंडाशी तिने ते काजळ लावलेलं जुनं कोहळं मळ्याच्या कडेला निंबाखाली पुरलं होतं, चांगला हातभर खड्डा करून. थोड्याच दिवसांत तिथून वेल वर आला आणि कुंपणावर चढला. दरवर्षी असाच येतो, म्हणाली. पोळ्याच्या सुमाराला त्याला मुठीएवढं कोहळं धरलं. तेव्हा तिने एक दिवस बाजार चुकवला, न्हाऊन आली, बाभळीचा एक लांब काटा घेऊन वेलाजवळ बसली आणि त्या कोवळ्या सालीवर डोळे कोरायला लागली. हात इतका हलका की साल फक्त ओलावायची. रेघेतून चीक यायचा, तो ती पदराने टिपून घ्यायची. मी शेजारी बसून पाहत होते.

"आता लहान दिसते," ती म्हणाली. "कोहयं वाढते तसं त्याचं तोंडबी वाढते. रेघ बुजत नाही, फुगून येते."

"कोणाचं तोंड?" मी विचारलं. आणि त्या दिवशी तिने कडी घातली नाही.

"किसनाचं. माह्या पोराचं. चार वर्साचा व्हता." काटा चालूच होता. "दुष्काळात संपत खडी फोडाले गेला व्हता, मेडशीच्या रस्त्यावर. गल्लीतले सारेच गडी तिकडं. घरात मी न् किसना. दाना नव्हता. छपरावर एक कोहयं व्हतं तेवढं. सकायपासून दारात बसली, कोनी मानूस येते काय म्हनून. कोनी नाही आलं. पोरगं कोहयाकडं पाहू पाहू रडे. मंग म्याच इळा घातला."

"त्याच्याच हाताने विळा टेकवायचा होतास."

"ज्याचं कोहयं त्याच्याच हातानं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की एवढंही कसं कळत नाही. "पोटभर खाल्लं त्यानं. हासला बी. चवथ्या दिवशी गेला. संपत आला, कोहयाचं साल पडलं व्हतं चुलीपाशी, थे पाह्यलं त्यानं. म्हने, तूच कापलं त्याले. मंग साऱ्या गावानं म्हनलं."

त्याच कोहळ्याच्या बिया तिने निंबाखाली लावल्या होत्या. दरवर्षी एक फळ राखायचं, त्याला किसनाचं तोंड द्यायचं, वर्षभर घरात ठेवायचं, तेल लावायचं, काजळ घालायचं, आणि पुढच्या आखाडात पुरायचं. ते कधी कापायचं नाही. कुठलंच कोहळं कापायचं नाही.

मला संताप आला. तिच्यावर नव्हे, त्या नवऱ्यावर, त्या गल्लीवर. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नेऊन नदीत सोडले होते. जुनं खुळ डोक्यातून काढायचं, हे मी दुधाबरोबर प्यायले होते. मी दुसऱ्याच दिवशी शाळेची जुनी हजेरी काढली. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्याच्या एकाच पानावर पाच नावांपुढे लाल शाईने 'मयत' लिहिलेलं होतं. विहिरीत औषध टाकायला येणाऱ्या आरोग्यखात्याच्या माणसाला गाठून विचारलं. तो म्हणाला, बाई, त्या साली नाल्यातल्या झिऱ्यांचं पाणी प्यायले लोक, हगवणीनं लेकरं पटापट गेली. मला हवं ते मिळालं. मी मावशीला म्हटलं, "त्या पाच आयांनीही कोहळं कापलं होतं का?"

"त्याइचं त्याइच्यापाशी," ती म्हणाली. "मी माहं सांगून राह्यली."

म्हणजे नुसतं बोलून भागणार नव्हतं. मी आसेगावच्या बाजारातून एक कोहळं विकत आणलं, ओसरीवर मांडलं आणि विळा घेतला. मावशी मळ्यातून आली, तिने ते पाहिलं आणि धावत येऊन माझं मनगट धरलं. तिच्या हाताला किती जोर होता ते मला तेव्हा कळलं.

"तुले भाऊ हाय."

"आहे. एकच आहे. म्हणूनच कापते."

खरं सांगायचं तर माझाही हात क्षणभर थांबला. आमच्या घरातून देव गेले होते, पण कोहळं अजून बाबाच फोडायचे, आणि हे त्या दिवसापर्यंत माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग मी तिचा हात सोडवला आणि दोन घावांत कोहळं उभं चिरलं. मावशी खाली बसली. ती भाजी तिने खाल्ली नाही.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते मी पाहिलं आहे. पोस्टमनची वेळ झाली की ती दारात. "घरून कागद आला काय?" रोज विचारायची. आसेगावची एसटी येऊन गेली की गावात शिरणाऱ्या वाटेवर उभी राहायची, कोणी निरोप घेऊन येतंय का बघायला. माझा भाऊ तिने पाहिलेलाही नव्हता, आणि त्याच्यासाठी ती वाळत चालली होती. मी थट्टा करायचे. एकदा म्हटलं, "मावशी, त्याला इतकं जपतेस, तर सून तूच शोध." तिला हसू आलं नाही. मला आज त्या थट्टेची लाज वाटते.

दिवाळीच्या सुट्टीला मला न्यायला भाऊ स्वतः आला. कॉलेजात शिकणारा, धडधाकट, येताना अर्धा रस्ता शीळ घालत आलेला. मावशीने त्याला दारातच थांबवलं, त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मग ती हसली. पाच महिन्यांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तिने त्याला भाकरी वाढली, ठेचा वाढला, पुन्हा भाकरी वाढली. मी जिंकल्याच्या आनंदात दारात बसून वेणी घालत होते. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"म्हंजे कोहयानं काही होत नाही."

"नाही, मावशी. कितीदा सांगितलं."

"मंग किसना कायनं गेला?"

हाच प्रश्न मला हवा होता. उत्तर तयार होतं. वर्गात शिकवावं तसं मी शिकवलं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, विहिरी आटल्या म्हणजे लोक नाल्यात झिरे खणतात, त्यात वरची घाण उतरते, ढोरं तिथेच बसतात, ते पाणी न उकळता प्यालं की हगवण लागते, लहान जीव असला की तीन-चार दिवसांत खेळ आटोपतो. किसना पाण्याने गेला, मावशी. कोहळ्याने नाही.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "नाल्यातला झिरा?"

"हो."

"थो झिरा म्या खांदला व्हता," ती म्हणाली. "हिर आटली तवा. हातानं खांदला. दुपारी पानी लागलं तं मले लय आनंद झाला. पयला गिलास त्यालेच देल्ला."

ती रडली नाही. माझ्याकडेच पाहत होती, पुढे काही सांगणार आहे का म्हणून. भावाने हात धुतले आणि एसटी चुकेल म्हणून घाई केली. मी ट्रंक उचलली. निघताना मी तिला एवढंच म्हटलं, की आल्यावर बोलू.

तीन आठवड्यांनी मी परत आले तेव्हा निंबाखालचा वेल उपटलेला होता आणि चुलीवर कोहळ्याची भाजी शिजत होती. कोपऱ्यातली चुंबळ गेली होती. ओट्याजवळ सालींचा ढीग होता. त्यात एका फोडीवर एक डोळा अख्खा होता, दुसरा अर्धा. त्या वर्षी त्यांना काजळ लागलंच नव्हतं.

"मावशी, हे कोणी कापलं?"

"म्याच. का? काही होत नाही ना." मग चुलीत लाकूड सारत म्हणाली, "त्याचा काय गुन्हा व्हता? उगाच दरसाल त्याले काटा टोचून राह्यली व्हती मी."

मला हवं होतं ते सगळं झालं होतं. खुळ गेलं होतं. एका बाईने पुरुषाची वाट न पाहता आपल्या हाताने कोहळं कापलं होतं. तिने मला वाढलं आणि मी ती भाजी खाल्ली. नको म्हणायला माझ्याकडे कोणतं कारण होतं?

त्यानंतर ती पाण्याला हात लावीनाशी झाली. स्वतःपुरतं घ्यायची, पण दुसऱ्याला द्यायची नाही. घरातला माठ मी भरायचा. मळ्यावरून कोणी तहानलेला वाटसरू गेला तर म्हणायची, "चरवी थ्या तिकडं हाय, तुमच्या हातानं घ्या." शाळा सुटल्यावर पोरं पाणी मागायला आली की ती आत जायची आणि दार लोटून घ्यायची. बायकांनी त्याचाही अर्थ लावला, की पारबता आता पाणीसुद्धा देत नाही, कंजूष झाली. मी तिला समजावायचा खूप प्रयत्न केला. तुला ठाऊक नव्हतं, म्हटलं. गावात सगळ्यांनीच झिरे खणले होते, म्हटलं. पाणी दिलं नसतंस तर पोरगं तहानेनं गेलं असतं, म्हटलं. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "थे आपलं आपल्यापाशी." आणि एके दिवशी मी, आयुष्यभर ज्याची मला शरम वाटेल असं बोलले. मी म्हटलं, "मावशी, काय सांगावं, कदाचित त्या कोहळ्यानेच झालं असेल."

ती खुरपं थांबवून माझ्याकडे बघत राहिली. "बाई, तुमी शिकलेल्या," ती हळूच म्हणाली. "तुमी असं बोलू नोका."

कोहळ्याचा दोष तिला मांडीवर घेता येत होता. त्याला नाक-डोळे होते, त्याला तेल-काजळ करता येत होतं, वर्षातून एकदा पुरता येत होतं आणि ते पुन्हा उगवतही होतं. मी तो दोष काढून घेतला, आणि बदल्यात जे दिलं त्याचं तिला काहीच करता येण्यासारखं नव्हतं. मी खोटं बोलले नव्हते. आजही तोच धडा मी कोणत्याही वर्गात शिकवीन, शिकवलाच आहे. पण समोर कोण बसलंय ते न पाहता मी तो तिला शिकवला. एवढं कळायला मला ती लागली.

दोन वर्षांनी माझी बदली मालेगावकडे झाली. लग्न झालं, मुलगा झाला. पुढे तिच्या शेजारणीच्या नातवाने मला पत्र लिहून कळवलं, की पारबताबाई उन्हाळ्यात तापाने गेली, मळा संपतने येऊन विकला. त्याच्या आदल्या वर्षी मी तिला शेवटचं भेटले होते.

चैत्राचे दिवस होते. मुलगा तीन वर्षांचा. आसेगावला उतरून त्याला कधी चालवत, कधी कडेवर घेत मी गेले. मावशी ओसरीवर मिरच्या खुडत बसली होती. खूप वाळली होती. मला पाहून तिने सूप बाजूला सारलं, आणि मुलाला पाहिल्यावर तर तिच्या तोंडावर अशी काही कळा आली की मला वाटलं, बरं झालं आले. तिने त्याला मांडीवर घेतलं, त्याचे पाय पदराने पुसले, गुळाचा खडा आणून त्याच्या हातात दिला, त्याचं नाव तीन-तीनदा विचारलं. तोही रमला. गूळ खाऊन झाल्यावर तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "आजी, पाणी."

तिने त्याचे हात हळूच सोडवले, त्याला मांडीवरून उतरवलं आणि उठून लांब झाली.

"तू दे वं त्याले," ती मला म्हणाली. "माह्या हातचं नोको."

माठ तिच्याच बाजूला होता. मी उठून गिलास भरला आणि मुलाला दिला. तो घटाघट पीत होता. त्याचं पिऊन होईपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.